गरम इंजिन, टेक-ऑफला खोकला: किट विमानाच्या पेट्रोल लाइनचं नेहमीचं दुखणं

होळी झाली की मला फोन सुरू होतात. "अरे सकाळचं पहिलं फ्लाइट एकदम झकास गेलं, उतरलो, चहा घेतला, परत स्टार्ट केलं आणि फुल थ्रॉटल दिला तर इंजिन खोकायला लागलं." वाक्य प्रत्येकाचं हेच, फक्त चहाच्या जागी कोणी मिसळ म्हणतो. माझं स्वतःचं दोन सीटचं हाय-विंग (पंख वर असलेलं) किट विमान आहे, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं, रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिनवालं, भोसरीत वर्कशॉप असल्यामुळे बांधायची हिंमत केली, आणि ही भानगड मी स्वतःच्या विमानावर तीनदा आणि मित्रांच्या विमानांवर सात-आठ वेळा तरी निस्तरलीये. इंजिन एकदाही दोषी निघालं नाही. चोर दर वेळी टाकी आणि कार्ब्युरेटरच्या मधेच सापडला, आणि निम्म्या वेळा तर तो आम्हीच हौसेने बाजारातून विकत आणून बसवलेला होता.

म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या कामापर्यंत आहे. तो मोडू नका, कारण लोक पहिल्याच दिवशी कार्ब्युरेटर उघडतात आणि मग मूळ दुखणं कुठलं आणि आपण नवीन काय घालून ठेवलं हेच कळेनासं होतं.

आधी लक्षणं. गार इंजिनला काहीच त्रास नाही. उन्हात काउल (इंजिनवरचं झाकण) बंद ठेवून १५-२० मिनिटं विमान उभं राहिलं की मग त्रास. आयडलला ठीक, ४५००-५००० आरपीएमच्या वर गेलं की धक्के, आणि त्याच वेळी फ्युएल प्रेशरचा काटा थरथरतो किंवा ०.१५ बारच्या खाली जातो. थ्रॉटल मागे घेतला की दहा सेकंदात शहाण्यासारखं चालायला लागतं. हे सगळं जुळत असेल तर संशय दोघांवर: लाइनमधला अडथळा, किंवा वाफ, म्हणजे तापलेल्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होऊन तिचे बुडबुडे पेट्रोलची वाट अडवतात. पुढे वाचा.

जुळत नसेल तर तुमचा आजार वेगळा. १८००-२५०० आरपीएमला हादरे आणि वर गेल्यावर मऊ, म्हणजे दोन कार्ब्युरेटरचं सिंक्रोनायझेशन बिघडलंय. ४००० आरपीएमला दोन इग्निशनपैकी एक बंद केल्यावर आरपीएमचा ड्रॉप ३०० च्या वर जात असेल किंवा दोन्ही बाजूंच्या ड्रॉपमध्ये ११५ पेक्षा जास्त फरक असेल, तर बघायचं इग्निशनकडे, पेट्रोलकडे नाही. आणि पावसाळ्यात, ढगाळ गारव्यात, थ्रॉटल कमी करून उतरायला येताना खोकत असेल तर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतोय का ते बघा. "आपल्याकडे कसला बर्फ" असं मीपण म्हणायचो, पण कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची वाफ होताना आणि दाब पडताना तापमान एवढं उतरतं की दमट हवेत २० अंशाला पण बर्फ धरू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळं जमिनीवर तपासायचं. शेपूट दोरीने बांधलेली, चाकांखाली लाकडी ठोकळे, एक माणूस बाहेर फायर एक्स्टिंग्विशर घेऊन, आणि प्रोपेलरच्या रेषेत कुणी नाही. "जरा एक सर्किट मारून बघतो गेलं का" म्हणत धावपट्टीभोवती उडून यायचं, हे कधीच करायचं नाही. हा प्रकार नेमका टेक-ऑफनंतरच्या पहिल्या मिनिटात होतो आणि तेव्हा खाली कुणाचा तरी ऊस असतो.

आता पेट्रोलपासून सुरुवात. हे बघायला पैसे लागत नाहीत म्हणून लोक बघत नाहीत. ९१२ यूएलएसला किमान ९५ ऑक्टेन लागतं, पंपावरचं साधं पेट्रोल आधी ९१ चं असायचं, म्हणजे ते तिथेच बाद, आणि आता इथेनॉल घालून ते ९५ ला पोचलंय. पण ऑक्टेनपेक्षा आता मोठी डोकेदुखी इथेनॉलची. इंजिन कंपनीची मर्यादा १० टक्क्यांची, आणि आपल्याकडे २०२३ पासून २० टक्केवालं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे झालं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, जुन्या रबराला फुगवतं, काही फायबरग्लास टाक्यांचं रेझिन पण मऊ करतं. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा ज्या दहा शहरांत आलं त्यात पुणं होतं, त्यामुळे आपल्याला महागातला का होईना पर्याय आहे. पण नाव बघून ठरवायचं नाही, प्रत्येक कॅन तपासायचा.

तपासायचं असं. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून १०० मिलिची काचेची मोजनळी आणा. बरोबर १० मिलि पाणी घाला, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल, तोंड बंद करून मिनिटभर हलवा, मग टेबलावर ठेवून पाच मिनिटं हात लावू नका. पाणी खाली बसतं आणि मधली रेघ स्वच्छ दिसते. रेघ १० वरच असेल तर इथेनॉल नाही. १८-१९ वर चढली तर साधारण १० टक्के, आणि २६-२७ ला गेली तर तुमच्या हातात २० टक्केवालं आहे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा डोळ्यासमोर रेघ २७ ला जाऊन थांबली, आणि तो कॅन मी "इथेनॉल-फ्री आहे साहेब" या तोंडी गॅरंटीवर आणला होता. बायकोच्या स्कूटीला दोन महिने पेट्रोल लागलं नाही.

एव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, मिळत असेल तर इथेनॉलचा प्रश्नच मिटतो आणि ते उन्हात वाफ पण कमी धरतं. आधी ते पूर्ण आयात व्हायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतंय. पण त्यात शिसं असतं, ते ऑइलमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये साचतं, म्हणून एव्हगॅसवर मी २५ तासांना ऑइल बदलतो. फुकट काहीच नाही.

आणि कॅन भरताना तो जमिनीवर ठेवून भरा, गाडीच्या डिकीत प्लास्टिकवर ठेवून नाही. स्टॅटिकची ठिणगी दिसत नाही, आग दिसते.

पेट्रोल चांगलं निघालं तर टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा आत घेणारा पाइप. हापण फुकट. आपल्याकडे कुंभारमाशी कुठल्याही बारीक भोकात मातीचं घर करते आणि पंखाखालचा व्हेंट पाइप तर तिला आयता बंगलाच. हवा आत गेली नाही की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं, आणि हे हळूहळू होतं म्हणून बरोबर वाफेच्या दुखण्यासारखंच दिसतं. ओळखायची खूण म्हणजे इंजिन बंद करून लगेच टाकीचं झाकण सैल करा, "फुस्स" करून हवा आत गेली तर चोर सापडला. एका मित्राच्या विमानाला आम्ही दोन रविवार घालवले, पंप बदलायची ऑर्डरसुद्धा देऊन झाली, आणि शेवटी सायकलच्या स्पोकने हरभऱ्याएवढा मातीचा गोळा निघाला. आता विमान उभं असताना व्हेंटला लाल कापडी टोपी असते, आणि ती काढणं चेकलिस्टमध्ये पहिल्या नंबरला.

त्यानंतर गॅस्कोलेटर (लाइनमधली पाणी-कचरा गोळा करणारी वाटी) आणि फिल्टर. गॅस्कोलेटरचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि उन्हात धरून बघा. पाणी दिसलं तर टाकी आणि झाकणाचं सील. काळे, मिरीपूड टाकल्यासारखे कण दिसले तर तुमचा होज (पेट्रोलचा रबरी पाइप) आतून सुटतोय, आणि मग फिल्टर बदलून काही उपयोग नाही, पंधरा दिवसांत परत भरणार. फिल्टरची जाळी ०.१ मिमीची हवी. मोटरसायकलचा काचेचा गोल फिल्टर बसवला असेल तर आजच काढा. दिसायला छान, आतलं पेट्रोल दिसतं वगैरे सगळं खरं, पण काच तडकली की गरम एक्झॉस्टवर पेट्रोल.

मग येते बादली टेस्ट, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणात हीच सगळ्यात कामाची. अर्धा तास, एक मोजपात्र, मोबाइलचं स्टॉपवॉच, बास. ९१२ यूएलएस टेक-ऑफ पॉवरला तासाला २७ लिटर पितं. नुसत्या ग्रॅव्हिटीवर येणारी लाइन असेल तर दीडपट प्रवाह हवा, पंपावर असेल तर सव्वापट. म्हणजे कार्ब्युरेटरजवळ पाइप काढून मोजलं तर ग्रॅव्हिटीला मिनिटाला साधारण ६७५ मिलि आणि पंपाला ५६० मिलि आलंच पाहिजे. नाक वर करून मोजा, चढतानाच्या कोनात, आणि टाकीत पेट्रोल कमीत कमी असताना. भरल्या टाकीला सपाट जमिनीवर सगळ्यांचीच टेस्ट पास होते. करताना विमान आणि भांडं दोन्ही वायरने अर्थ करा, हँगरच्या बाहेर करा, आणि बघ्यांपैकी जो सिगारेट ओढतो त्याला आधीच चहाला पाठवा.

प्रवाह कमी आला तर टाकीकडून एकेक तुकडा सोडवत पुढे या, जिथे प्रवाह पडतो तिथे अडथळा. प्रवाह पूर्ण आला आणि तरी गरम झाल्यावर खोकतंय, तर अडथळा नाही, वाफ आहे. ती पक्की करायची साधी युक्ती: त्रास सुरू झाला की इंजिन बंद करा, काउल उघडा, मेकॅनिकल पंपावर आणि त्याला येणाऱ्या होजवर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांनी फडकं काढून परत ग्राउंड रन. त्रास गायब झाला तर उत्तर मिळालं. फडक्याचं पाणी एक्झॉस्टवर सांडू देऊ नका, तडा जातो. इलेक्ट्रिक बॅकअप पंप असेल तर तो चालू करून प्रेशर सावरतं का तेपण बघा. त्याने सावरलं आणि फडक्याने काहीच फरक नाही, तर मेकॅनिकल पंप थकलाय. पंप दुरुस्त करायची वस्तू नाही, बदलायची आहे.

आता होज, आणि खरा राग माझा इथेच आहे.

नाना पेठेत तुम्हाला गाडीचं काहीही मिळेल, मी स्वतः वीस वर्षं तिथूनच सामान आणतो. पण पेट्रोल होज विमानासाठी तिथून आणायचा नाही. एका दुकानातून मी "सेम टू सेम, इम्पोर्टेड" म्हणून मीटरने होज आणला होता, वर एसएई जे३० आर९ असं, म्हणजे पेट्रोल होजचा दर्जा, पांढऱ्या अक्षरात छापलेलं, मी खूश. आठ महिन्यांनी गॅस्कोलेटरमध्ये ती मिरीपूड. होज उभा कापला तर आतलं अस्तर नखाने निघत होतं. वरची छपाई थिनरच्या बोळ्याने एका फटक्यात गेली, अर्थात छपाई खऱ्या होजचीपण जाऊ शकते, त्यामुळे तो काही पुरावा नाही. पुरावा बरणी देते. कुठलाही नवीन होज आला, अगदी अधिकृत डीलरकडून आला तरी, मी त्याचा ५ सेंटीमीटरचा तुकडा कापून व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजतो आणि लोणच्याच्या बरणीत पेट्रोलमध्ये आठ दिवस बुडवतो. आठव्या दिवशी परत मोजायचा, वाकवायचा, आत बोट फिरवायचं. त्या नकली होजचा तुकडा १३.१ चा १४.६ मिमी झाला होता आणि पेट्रोल चहासारखं तपकिरी. अस्सल आर९ ला काहीही होत नाही, बोट स्वच्छ निघतं.

निळा चकचकीत सिलिकॉन होज तर नकोच. तो कूलंटला चांगला, पेट्रोल त्याच्यातून झिरपतं. यूट्यूबवर रेसिंग कारला बघून लोक बसवतात.

होज चांगला असेल तर त्याचा रस्ता बघा. एक्झॉस्टपासून किती लांब आहे, कुठे मुरडलाय, फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) भोकात रबर ग्रोमेट आहे का पत्रा थेट घासतोय. पूर्ण लाइनला फायरस्लीव्ह, म्हणजे वरून चढवायचं आगरोधक आवरण, हवं, टोकं सील केलेली. आगीपासून संरक्षण हे त्याचं मुख्य काम, पण उष्णता आत जायचीपण कमी होते, म्हणून या दुखण्यावर सगळ्यात स्वस्त सेफ्टी अपग्रेड मी हेच म्हणेन. दुसरं अपग्रेड रिटर्न लाइन: कार्ब्युरेटरजवळून ०.३५ मिमीच्या बारीक जेटमधून थोडंसं पेट्रोल सतत टाकीकडे परत जातं, त्याच्याबरोबर वाफेचे बुडबुडेपण जातात. ज्यांच्या किटला ही लाइन नव्हती आणि नंतर टाकली त्यांचे एप्रिलमधले फोन बंद झाले. पण जेट विसरून नुसता पाइप जोडलात तर सगळं पेट्रोल परत जाईल आणि प्रेशरच उरणार नाही, एकाने केलंय. तिसरं म्हणजे कॉकपिटमध्ये फ्युएल प्रेशरचा अलार्म, नुसता काटा नाही. टेक-ऑफला काट्याकडे कोण बघतो.

क्लिपा. बोहरी आळीतल्या साध्या जुबिली क्लिपच्या पट्टीला खाचा असतात, त्या होजमध्ये रुततात आणि तिथून होज फाटतो. आतून गुळगुळीत पट्टीवाल्या फ्युएल इंजेक्शन क्लिपा घ्या. आणि फायरवॉलच्या पुढे नायलॉनवाले लॉकनट लावू नका, १२० अंशाच्या आसपास त्यांची पकड जाते, तिथे पूर्ण धातूचे लागतात.

बाजारातून काय आणायचं याचा माझा नियम सोपा आहे. बरण्या, मोजनळी, नरसाळं, वायर टाय, हत्यारं, हे सगळं पुण्यात घ्या, जुन्या बाजारातून घेतलंत तरी माझी हरकत नाही. ज्याच्यातून पेट्रोल वाहतं किंवा ज्याच्यावर विमान टांगलंय, ते फक्त इंजिनच्या अधिकृत डीलरकडून किंवा किट कंपनीकडून. पाच वर्षांनी रबराचं सगळं सामान बदलायचं असतं, म्हणजे होज, कार्ब्युरेटरचे सॉकेट, डायफ्रॅम, आणि त्याच वेळी फ्युएल पंप. तास किती झाले याच्याशी संबंध नाही, विमान नुसतं उभं असलं तरी रबराचं वय होतं. मी पूर्ण किट गणपतीच्या सुमाराला मागवतो, कस्टमला किती दिवस जातील सांगता येत नाही, आणि दिवाळीनंतर हवा गार असताना काम उरकतं. मार्चमध्ये दुखणं सुरू झाल्यावर मागवलं की माणूस घाई करतो आणि घाईतच नाना पेठ आठवते.

शेवटची तपासणी जी तुम्ही स्वतः करू शकता ती फ्लोट बोलची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीची. खालची स्प्रिंगची तार बाजूला केली की बोल उतरतो, आतले दोन फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारे तुकडे, काढून वजन करा. जोडीचं वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त नको. फ्लोटने पेट्रोल शोषलं की तो जड होऊन बुडतो, मग बोलमध्ये पातळी वाढते आणि कार्ब्युरेटर ओतायला लागतो. या विषयावर इंजिन कंपनीने स्वतः सर्व्हिस बुलेटिन काढलेली आहेत, तुमच्या फ्लोटवरच्या खुणा त्यात ताडून बघा. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा डिजिटल काटा लागतो. मी पहिल्यांदा लक्ष्मी रोडवरच्या ओळखीच्या सराफाकडे फ्लोट रुमालात बांधून घेऊन गेलो होतो. त्याने ६.८ सांगितलं आणि विचारलं, "हे वितळवायचंय का?"

इथे थांबा. खरंच थांबा. याच्यापुढे हात घालू नका, एएमईला, म्हणजे विमान देखभालीच्या परवानाधारक इंजिनिअरला, बोलवा. म्हणजे कधी: प्रवाह पूर्ण, प्रेशर स्थिर, पेट्रोल स्वच्छ आणि तरी खोकतंय. इग्निशनचा ड्रॉप मर्यादेबाहेर. ऑइलच्या मॅग्नेटिक प्लगवर धातूचे कण. टाकीचा वेल्ड किंवा सांधा ओला. कॉकपिटमध्ये पेट्रोलचा वास आणि कुठून ते सापडत नाही. या शेवटच्याला तर ग्राउंड रनसुद्धा करायचा नाही, बॅटरी सोडवा आणि विमान बाहेर ढकला. आणि तुम्ही दुरुस्त केलेलं दुखणं पाच तासांच्या आत परत आलं, तर समजा तुम्ही लक्षण दुरुस्त केलंय. मी स्वतः तिसऱ्या वेळेला हे मान्य केलं, त्याच्याआधी दोनदा अहंकार आडवा आला. एएमईने येऊन वीस मिनिटांत दाखवलं की काउल बसवल्यावरच एक होज एक्झॉस्टकडे ढकलला जातोय, मी दर वेळी काउल काढून तपासत होतो त्यामुळे मला तो कधी दिसलाच नाही.

अपग्रेडच्या बाबतीतपण तसंच. रिटर्न लाइन, जास्तीचा पंप, वेगळा गॅस्कोलेटर, हे बदल आहेत, देखभाल नाही. किट कंपनीला विचारा, एएमईकडून तपासून लॉगबुकमध्ये नोंद करून घ्या, आणि डीजीसीएच्या (सरकारी विमान नियामकाच्या) कागदांत काय बदलावं लागेल तेपण त्यालाच विचारा. कांदिवलीच्या अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी मिळाली, त्याच्यामागे किती वर्षं कागद फिरत होते ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. आपण एका पाइपासाठी ती वेळ आणू नये.

एएमईला फोन करताना मोजनळीचा आकडा, बादलीचा आकडा, खोकलं तेव्हाचं प्रेशर, आरपीएम, बाहेरचं तापमान आणि इंजिन बंद करून किती मिनिटं झाली होती, एवढं कागदावर लिहून समोर ठेवा. काउल लावलेलं होतं का काढलेलं, तेपण.